‘मातुश्री’ आणि आमचे चरित्रकार

मराठ्यांच्या इतिहासांत युद्धकाळीं स्त्रियांनीं जें काम केलें त्याविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्या लेखनांत एक दोष सर्वत्र आढळतो, आणि तो दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. स्त्रीनें केलेलें काम तिच्या मातृत्वाच्या पोटांत घालावयाचें, मातृत्वाची यथेच्छ स्तुति करावयाची, आणि कामाचा विचार तेथेंच संपवावयाचा, अशी ही रीत आहे. ती बखरकारांपासून चालत आली असून विसाव्या शतकांतील स्त्रियांविषयीं लिहितांनाहि सुटलेली नाहीं. उदाहरणें आम्ही शक्य तेथें सुपें, बारामती व इंदापूर या टापूशीं संबंध असलेलींच घेत आहों. मालोजी राजांपासून थेट काटेवाडीच्या अलीकडील हकीकतीपर्यंतचा धागा येथें एका हातांत येतो, हें त्याचें कारण.

प्रथम कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ घेऊं. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं या काव्याची संपादित आवृत्ति काढली, तेव्हांपासून शिवचरित्र लिहिणारा बहुतेक प्रत्येक जण त्याचा आधार घेत आला आहे. मालोजी राजे इंदापुरीं लढतां लढतां पडले हें वृत्त देणारा हाच ग्रंथ. त्याच ग्रंथांत १६६० सालच्या पन्हाळ्याच्या वेढ्याचें वर्णन आहे. सिद्दी जौहर गडास वेढून बसला आहे, पुत्र आंत अडकला आहे, सुटकेचा मार्ग दिसत नाहीं. अशा वेळीं जिजाबाई स्वतः लढण्यास निघण्याची सिद्धता करतात, आणि नेताजी पालकर येऊन त्यांचें निवारण करतो, असा प्रसंग परमानंदानें घातला आहे.

संस्कृत वाङ्मयांत वीरमातेचा एक ठरीव सांचा आहे, आणि तो उद्योगपर्वांतील विदुलेचा. रणांतून हरून परतलेल्या पुत्राची ती निर्भर्त्सना करते व त्यास पुन्हां लढावयास लावते. कुंती तेंच आख्यान श्रीकृष्णाच्या मुखानें आपल्या पुत्रांस कळविते. मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयाखालीं राहून सबंध महाभारत आर्यावृत्तांत उतरविलें, तेव्हां या टापूस तरी विदुला अपरिचित नाहीं. या सांच्यांत आई बोलते आणि मुलगा लढतो. परमानंदापुढें हा सांचा तयार असतांना त्यानें तो वापरला नाहीं. त्याची जिजाबाई बोलून थांबत नाहीं, ती निघते. आमच्या चरित्रकारांनीं मात्र तिला पुन्हां विदुलेच्या जागीं नेऊन बसविलें आहे. पाळण्यापाशीं रामायण-महाभारताच्या कथा सांगणारी आई त्यांनीं पानेंच्या पानें रंगविली, आणि पन्हाळ्याच्या वेळचा प्रसंग मातृप्रेमाचा उमाळा म्हणून एका वाक्यांत उरकला.

यावर कोणी म्हणेल कीं, राजकवीच्या अतिशयोक्तीस पुराव्याचें मोल कां द्यावें? आमचें उत्तर असें कीं, ती अतिशयोक्ति मानली तरी ती कोठें केली गेली हें पाहावें. काव्य शिवाजी महाराजांच्या हयातींतलें, त्यांच्याच आश्रयानें झालेलें. राजमातेविषयीं अशी गोष्ट त्या सभेंत वाचतां येत होती व ती कोणास विपरीत वाटत नव्हती, एवढें तर यावरून निश्चित होतें. शिवाय १६६६ सालीं महाराज आग्र्यास गेले व कित्येक महिने परत आले नाहींत, तेव्हां राज्याचा कारभार जिजाबाईंच्या देखरेखीखालीं चालला होता. राजा शत्रूच्या राजधानींत अटकेंत असतां गड, खजिना व फौज शाबूत राहिली. केवळ मातृप्रेमानें असें होत नाहीं. त्यास हुकूम द्यावे लागतात आणि ते पाळले जावे लागतात.

येथें ‘मातुश्री’ या शब्दाचा विचार करणें अवश्य आहे, कारण आमच्या मतें निम्मा घोटाळा त्यानेंच केला आहे. व्याकरणानें ‘मातृश्री’ व्हावें. ‘मातुश्री’ किंवा ‘मातोश्री’ हीं रूपें लेखनिकांच्या हातून रूढ झालीं. जुन्या पत्रव्यवहारांत हा शब्द ‘राजश्री’ प्रमाणें मायन्यांतील मानाचा शब्द आहे. जिच्या हुकुमाखालीं आपण वागतों, किंवा जिच्यापुढें अर्ज करावयाचा, अशा थोर स्त्रीस तो लावीत. ती लिहिणाराची आई असणें आवश्यक नसे. ज्यानें मोडी कागदांचे चार रुमाल सोडून पाहिले आहेत त्यास हें सांगावयास नको. तरी सूची करणारे मात्र ‘मातुश्री’ दिसतांच ‘कोणाची आई?’ असा प्रश्न करतात, आणि कागद मुलाच्या नांवाखालीं नोंदून मोकळे होतात. पुढें येणारा अभ्यासक सूची पाहतो, कागद पाहत नाहीं. अशा रीतीनें पदवाचक शब्द नात्याचा झाला आणि कारभार करणारी स्त्री अनुक्रमणिकेंतून नाहींशी झाली.

येसूबाईंची हकीकत प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. ‘सखी राज्ञी’ या शब्दांचा त्यांचा शिक्का बखरींनीं सांगितला आहे. १६८९ सालीं संभाजी महाराजांचा वध झाल्यावर रायगडास वेढा पडत असतां त्यांनीं राजारामास गडाबाहेर जाऊं दिलें आणि आपण अल्पवयी शाहूसह आंत राहिल्या. गड नोव्हेंबरांत पडला. त्या कैद झाल्या, आणि १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथाबरोबर परत आल्या. तीस वर्षें कैद! राज्याचा वारस कोण, गादी कोठें न्यावी, कोणास वांचवावें व कोणास धोक्यांत ठेवावें, हे निर्णय त्या दिवसांत झाले. पुत्रमोहानें निर्णय करावयाचा तर स्वतःच्या मुलास बाहेर काढून दिरास आंत ठेवणें हेंच सहज होतें. घडलें तें याच्या उलट. तरीहि आमचीं पाठ्यपुस्तकें त्यांस ‘शाहूची आई’ याहून अधिक ओळखत नाहींत.

ताराबाईंच्या बाबतींत अन्याय अधिक मोठा आहे, आणि त्यांच्यापाशीं आम्ही थोडें अधिक थांबणार आहों. सुपें परगणा ज्या संभाजी मोहित्याकडे होता त्याचा पुत्र सरसेनापति हंबीरराव, आणि हंबीररावाची कन्या ताराबाई. म्हणजे आमच्या टापूशीं त्यांचा आजोबांपासूनचा संबंध. मार्च १७०० मध्यें राजाराम महाराज सिंहगडावर वारले त्या वेळीं ताराबाईंचें वय पंचवीसच्या आसपास होतें. त्यांनीं चार वर्षांच्या मुलास गादीवर बसविलें आणि औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, युद्ध चालविलें. बादशहा एकामागून एक गड घेत होता: १७०० त सातारा, १७०१ त पन्हाळा, १७०२ त विशाळगड, १७०३ त सिंहगड, १७०४ त राजगड व तोरणा. पुष्कळ गड तोफांनीं पडले नाहींत, पैसे देऊन त्यानें ते मिळविले. मराठे किल्लेदार वेढा लांबवीत, पावसाळा अंगावर आणीत, रक्कम घेऊन गड खालीं करीत, आणि बादशाही छावणी पुढें सरकली कीं तोच गड परत घेण्याच्या उद्योगास लागत. इकडे बादशहा सह्याद्रींत अडकला असतां तिकडे मराठ्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यांत व गुजराथेंत शिरत. यांत एक धोरण आहे, आणि धोरण म्हटलें कीं तें कोणाचें हा प्रश्न येतोच.

त्याचें उत्तर शत्रुपक्षाच्या इतिहासकारानें दिलें आहे. खाफीखान स्पष्ट सांगतो कीं, पति जिवंत असतांनाच ताराबाईंची मुलकी व लष्करी कामांतील जाणतेपणाबद्दल ख्याति झाली होती. ध्यानांत घ्यावें कीं, त्यास मातृत्वाची आठवण होत नाहीं; समोरच्या सेनेचें डोकें कोठें आहे हें तो पाहतो. जदुनाथ सरकारांनींहि या काळांतील मराठ्यांची मुख्य चालक शक्ति म्हणून मंत्र्यांचें नव्हे, ताराबाईंचेंच नांव घेतलें. आमच्या बखरींत मात्र तीच हकीकत दोन सवतींच्या मत्सराची व पुत्रास गादी मिळविण्याच्या हट्टाची होऊन बसली आहे.

१७०७ नंतरचा वाद तर या हट्टाचा नमुना म्हणूनच नेहमीं दिला जातो. शाहू सुटून आला तेव्हां ताराबाईंनीं त्याचा हक्क नाकारला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: थोरल्या महाराजांचें राज्य संभाजी महाराजांच्या अंतीं शत्रूच्या हातीं गेलें, आज जें उभें आहे तें राजारामांनीं नव्यानें मिळविलेलें, सबब त्यावर शाहूचा वारसा चालत नाहीं. हा युक्तिवाद आमच्या लेखकांनीं लबाडीचा ठरवून सोडून दिला. परंतु धर्मशास्त्र ज्यानें थोडें वाचलें आहे त्यास तो ओळखीचा वाटेल. वडिलार्जित द्रव्य दुसऱ्यानें हरण केलें व कुळांतील एकानें तें स्वतःच्या कष्टानें परत मिळविलें तर तें इतरांस वांटून द्यावें लागत नाहीं, हा नियम मनु व याज्ञवल्क्य दोघांच्या दायविभागांत आहे. ताराबाई दायविभागाच्या भाषेंत राज्याचा हक्क मांडीत होत्या. तो युक्तिवाद पूर्ण निर्दोष होता असें आमचें म्हणणें नाहीं. मिताक्षरेंत शंखाचें वचन उद्धृत केलें आहे त्याप्रमाणें भूमीस हा नियम जसाचा तसा लागत नाहीं. भूमि परत मिळविणारास चतुर्थांश अधिक द्यावा आणि बाकीची सर्वांनीं यथाभाग घ्यावी असा तेथें अपवाद आहे, आणि राज्य म्हणजे भूमिच मानली तर तो ताराबाईंच्या विरुद्ध जातो. पण अशा रीतीनें त्यांचें म्हणणें खोडावयास आधीं तें म्हणणें आहे असें मानावें लागतें. आईचा हट्ट ठरविला कीं खोडण्याचाहि श्रम वांचतो.

युद्ध संपल्यावर काय झालें हें पाहण्यासारखें आहे. सात वर्षें ज्यांनीं हुकूम पाळले त्यांतील धनाजी जाधव १७०७ सालीं खेडच्या लढाईच्या वेळीं शाहूकडे गेला. १७१४ सालीं पन्हाळ्यावर राजसबाईंचा पुत्र संभाजी गादीवर आला आणि ताराबाई मुलासह कैदेंत पडल्या. त्यांची सत्ता मुलाच्या नांवानें होती. मुलाचें नांव पुसतांच तीहि पुसली गेली. सेनापति त्रिंबकराव दाभाडे १७३१ सालीं डभईस पडल्यावर उमाबाई दाभाड्यांनीं सेनापतीचा कारभार आपल्या हातीं घेतला, तोहि मुलाच्याच नांवानें. युद्धांत स्त्रीस काम मिळे, पण तें दुसऱ्याच्या नांवें व मुदतीनें मिळे. खरा शोध करावयाचा तो या मुदतीचा. मातृत्वाचीं स्तोत्रें गाऊन तो होत नाहीं.

ताराबाईंविषयींचें मत अलीकडे पालटूं लागलें त्याचें श्रेय कागदांस आहे. डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या संपादनाखालीं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठानें ताराबाईकालीन कागदपत्रें छापलीं, आणि हुकूम देणारी, इनामें चालविणारी, सरदारांची समजूत काढणारी स्त्री तिच्या स्वतःच्या पत्रांतून पुढें आली. छापलेल्या पत्रापुढें बखरीचा रंग टिकत नाहीं.

आतां काटेवाडीकडे येऊं. बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या वाटेवरचें हें गांव. तुकोबांची पालखी येथें येते तेव्हां परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण होतें, म्हणून वारकऱ्यांस तें ठाऊक. इतरांस तें शरद पवार यांचें गांव म्हणून. त्यांच्या आई शारदाबाई गोविंदराव पवार या पुण्याच्या सेवासदनांत शिकलेल्या. १९३८ सालीं त्या पुणें जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध सुरू झालें. त्यांच्याविषयीं एक हकीकत सर्वत्र सांगतात ती अशी: १२ डिसेंबर १९४० रोजीं मुलगा झाला, आणि तीन दिवसांचें तें मूल घेऊन त्या बोर्डाच्या सभेस पुण्यास गेल्या.

ही हकीकत आम्हीं भाषणांतून व लेखांतून अनेकदां ऐकली-वाचली आहे. ती सांगणारा प्रत्येक जण मुलापाशीं थांबतो. पुढें मोठ्या पदास चढलेलें मूल तीन दिवसांचें असतांनाच सभेंत जाऊन बसलें, याचें कौतुक होतें. आईच्या जिद्दीचेंहि होतें. परंतु सभा कशाची होती? बोर्डापुढें त्या दिवशीं कोणते विषय होते? बाळंतपणाचे तीन दिवस होतात न होतात तों गाडीचा प्रवास करून जावेंसें वाटलें, असें त्या सभेंत काय होतें? आम्हांस वाचावयास मिळालेल्या लेखनांत हा प्रश्न कोणीं केलेला नाहीं. लोकल बोर्डें १९२३ च्या मुंबई कायद्यानें चालत; प्राथमिक शाळा, रस्ते, दवाखाने, विहिरी हीं त्यांचीं कामें. युद्धाच्या वर्षांत धान्य व रॉकेल यांची टंचाई खेड्यांत पोंचली. पुरुष मराठा पलटणींत भरती होऊन दूर गेले. फौजेंतून येणारी मनिऑर्डर घरच्या बाईच्या नांवें येऊं लागली आणि पावतीवर तिचा आंगठा उठूं लागला. अशा काळीं जिल्ह्याच्या शाळांचा व रस्त्यांचा पैसा कोठें जावा हें ठरविणाऱ्या सभेंत एक स्त्री बसत होती, आणि ती कोणाच्या मुखत्यारीनें किंवा अल्पवयी मुलाच्या नांवें बसलेली नव्हती. ती निवडून आलेली होती. ताराबाईंच्या व शारदाबाईंच्या स्थितींतील हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे, आणि मुलाच्या गोष्टीनें तोच झांकला जातो. गादी मुलाच्या वयाबरोबर हलते, बोर्डावरील जागा मतदारांच्या हातीं असते.

असाच प्रकार सातारा जिल्ह्याकडील १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या लेखनांत आहे. हौसाताई पाटील यांनीं त्या चळवळींत जोखमीचीं कामें केलीं. २०२१ सालीं त्या वारल्या तेव्हांहि ‘क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या’ हीच ओळख आधीं छापली गेली. येथें आईच्या जागीं कन्या आली, एवढाच फरक. स्त्रीचें नांव कोणाच्या तरी नात्याच्या ओळींत बसल्याशिवाय आमच्या लेखणीस चैन पडत नाहीं.

काटेवाडीचा धागा येथेंच तुटत नाहीं. १९९२ सालीं हिंदी सैन्यांत वैद्यकीय व परिचर्या या शाखांबाहेर स्त्रियांस अधिकारी म्हणून प्रथम प्रवेश मिळाला, त्या वेळीं संरक्षणमंत्री शरद पवार होते. त्यावर लिहिणारांनीं पुन्हां आईच्या संस्कारांचा हवाला दिला. संस्कार असतील, आम्ही नाकारीत नाहीं. पण चिकित्सकानें हुकुमाचा मजकूर पाहावा: ती नोकरी आरंभीं पांच वर्षांपुरती होती. पुढें मुदत वाढत गेली, तरी कायमच्या नेमणुकीसाठीं त्या अधिकाऱ्यांस न्यायालयांत जावें लागलें. सर्वोच्च न्यायालयानें १७ फेब्रुवारी २०२० रोजीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. त्या खटल्यांत सरकारतर्फे जें म्हणणें मांडलें गेलें त्यांत गर्भारपण, मातृत्व व घरसंसाराच्या जबाबदाऱ्या यांचीं कारणें होतीं, आणि न्यायालयानें तीं अमान्य केलीं. चरित्रकार ज्या मातृत्वाच्या नांवें स्त्रीस मखरांत बसवितो त्याच मातृत्वाच्या नांवें सरकारी वकील तिला दाराबाहेर ठेवूं पाहतो. दोघांनींहि तिचें काम तपासलेलें नसतें. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतून ३० मे २०२५ रोजीं सतरा तरुणींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांची चरित्रें पुढें कोण व कशीं लिहील, याची आम्हांस थोडी धास्तीच वाटते.

आतां संग्राहकांसाठीं कांहीं सांगणें प्राप्त आहे, कारण हें सर्व शेवटीं कागद जपण्यावर येऊन ठेपतें. जुन्या घराचें दप्तर पाहावयास जावें तों वतनाचे निवाडे, महजर, सनदा हे तांबड्या रुमालांत नीट बांधलेले दाखवितात. बायकांचीं पत्रें, धान्याच्या कोठीचे जमाखर्च, बाळंतिणीच्या व लग्नाच्या याद्या, पुरुष फौजेंत असतां घरच्या बाईनें कुळांशीं केलेल्या देण्याघेण्याचे कागद, हे ‘रद्दी’ म्हणून वेगळे काढलेले असतात, आणि पुष्कळदां आपण पोंचण्यापूर्वीं बंबांत गेलेले असतात. एखादा वतनाचा कागद गेला तर त्याची नक्कल दुसऱ्या पक्षाकडे सांपडण्याची आशा तरी असते. कोठीच्या जमाखर्चास दुसरा पक्ष नसतो.

सूचीच्या कामांत तीन गोष्टी पाळाव्या असें आम्ही सुचवितों. पत्र ज्या स्त्रीनें लिहिलें किंवा जिला लिहिलें तिचें नांव प्रथम यावें, व मुलाचें किंवा पतीचें नांव हवें तर त्यानंतर. ‘मातुश्री’, ‘आईसाहेब’, ‘गंगाभागीरथी’ हे मायने जसेच्या तसे उतरून घ्यावे, त्यांवरून नातें कल्पूं नये. आणि कागदावर शिक्का असेल तर तो कोणाचा, व त्या वेळीं ज्याच्या नांवें कारभार चालला त्याचें वय काय होतें, याची नोंद करावी. म्हणजे हुकूम कोणाचा व नांव कोणाचें हें आपोआप उघड होईल. लोकल बोर्डाचीं इतिवृत्तें व त्या काळचे शाळा-रस्त्यांचे खर्चाचे ठराव हीं अद्याप कोणी ऐतिहासिक साधनें म्हणून गोळा करीत नाहीं. बारामती व इंदापूर तालुक्यांत ज्यांचे आजे-पणजे बोर्डाचे सभासद, कारकून किंवा शाळामास्तर होते, त्यांच्या माळ्यावर यांतील छापील प्रती निघण्याचा संभव आहे. १९३८ ते १९४५ या सालांच्या प्रती प्रथम पाहाव्या.